लांजेवार काकांच्या तीन शाळा

लांजेवार काकांसमोर 'सरकारी शाळा सगळ्या सारख्याच' असं म्हणायची सोय नव्हती. एकदा माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाने ते म्हटलं. सिविक सेंटरला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक तिथे अर्ज टाईप करायला येतात आणि मशीन गरम होईपर्यंत सरकारला शिव्या देतात. हाही त्यातलाच एक. काका कोपऱ्यातल्या स्टुलावर पेपर वाचत होते. ते उठले, त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपने कितने देखे हैं?"

"देखना क्या है अंकल, सबको मालूम है."

"मतलब एक भी नहीं देखा. मैंने देखे हैं. एक भट्टी के दो हीट एक जैसे नहीं रहते, स्कूल कैसे रहेंगे?"

तो बिचारा अर्ज न घेताच निघाला. मला त्याच्या मागे रस्त्यापर्यंत पळावं लागलं.

हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणारं पोलाद. काकांनी इथल्या पोलादाच्या प्लँटमध्ये जन्मभर एकच काम केलं. प्रत्येक हीटचा तुकडा काढायचा, तो वाकवायचा, ओढायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आणि मगच 'पास' म्हणून सही करायची. माल चांगला दिसतो म्हणून त्यांनी कधी सही केली नाही आणि साहेब घाईत आहेत म्हणून तर मुळीच नाही. त्यांचं एक वाक्य वैशाली नगरमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं, "देलेला नमुना घेऊ नये. नमुना आपल्या हातानं काढा लागते." रिटायर झाल्यावर कापायला पोलाद उरलं नाही, तर हा माणूस जगातल्या उरलेल्या सगळ्या गोष्टींचे नमुने काढत सुटला.

माझ्या धाकट्या बहिणीला राजनांदगावचं स्थळ आलं होतं. मुलाकडचे येऊन गेले, पोहे झाले, सगळे खूश. काका दुसऱ्या दिवशी कुणालाही न सांगता राजनांदगावला गेले आणि मुलाच्या घरासमोरच्या इस्त्रीवाल्याकडे दोन तास बसून आले. आल्यावर बाबांना म्हणाले, "पोरगा चांगला हाय. मायवर ओरडत नाही. इस्त्रीवाल्याले अहो-जाहो करते. करून टाका." बहीण आज सुखात आहे आणि तिच्या नवऱ्याला ही तपासणी अजूनही माहीत नाही. काकांच्या घरी शकुंतला काकू कपाळाला हात लावून म्हणायच्या, "रिटायर झाले, पन प्लँट काही यायच्या अंगातून निंगत नाही व बाई."

कुरुदकडून भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या भुनेश्वरीला या नमुन्यांचा सगळ्यात जास्त ताप होता. काका वरची वांगी कधीच घ्यायचे नाहीत. टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळाचं वांगं काढायचे. ती छत्तीसगढीतून ओरडायची, काका नागपुरी हिंदीतून उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही समाधान झालं की सौदा व्हायचा. एका थंडीत, असंच वांग्यावरून भांडून झाल्यावर, ती टोपली न उचलता तशीच बसून राहिली. म्हणाली, "कका, मोर नोनी आठवीं पढ़ डारही एसो. नौवीं बर कोन स्कूल मा भरती करँव?" मुलगी यंदा आठवी होते आहे, नववीला कुठल्या शाळेत घालू, एवढाच तिचा प्रश्न होता.

मुलीचं नाव खिलेश्वरी. गणितात कच्ची होती, एवढीच माहिती भुनेश्वरीने दिली आणि ती सांगताना तिचा आवाज खाली गेला. सायकलच्या टप्प्यात तीन गावांत सरकारी हायस्कुलं होती. तेंदूभाठा, कोसमडीह आणि मुरुमखार म्हणू या. गावांची नावं मी बदलली आहेत. प्लँटच्या टाउनशिपमधल्या शाळांबद्दल आमच्याकडे शेंबडं पोरही मत देतं. पण या तीन गावच्या शाळांत फरक काय, हे आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही सांगता आलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच, सगळ्या सारख्याच. काकांच्या कानाला ते खटकलं आणि दुसऱ्या सोमवारी त्यांनी स्कूटर बाहेर काढली.

तेंदूभाठ्याला त्यांच्याबरोबर मी एकदा गेले होते. इमारत नवी, भिंतीवर थोरामोठ्यांची चित्रं, प्राचार्य अगत्याचे. त्यांनी आम्हाला नववीच्या वर्गात नेलं आणि पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत मुलाला उभं केलं. काका हात जोडून म्हणाले, "ये नहीं सर. वो." दाराजवळ एक मुलगी बसली होती, पाठ भिंतीला टेकवून, जणू भिंतीतच जायचं आहे. काकांनी तिला धडा वाचायला सांगितला. ती अडखळत वाचू लागली, काका मान डोलवत ऐकत राहिले, आणि तिचं वाचून झाल्यावर "बहुत अच्छा आवाज है" म्हणाले. मग प्रयोगशाळेत शिरले. तिथल्या काचेच्या नळ्या एकेक करून उजेडाकडे धरून पाहिल्या. तळाला डाग दिसले तसा त्यांचा चेहरा खुलला. मला हळूच म्हणाले, "डाग हायेत वंदू. म्हन्जे पोरं वापरून राहिले. चकचकीत असत्या तं मी इथूनच वापस गेलो असतो."

गणिताचा तास मात्र त्यांनी बाहेरूनच ऐकला. गणिताचे सर हुशार होते, फळ्यावर अक्षर सुंदर होतं, आणि उत्तर चुकलेल्या प्रत्येक मुलीची ते नक्कल करत होते. वर्ग खदखदून हसत होता. ती दाराजवळची मुलगी हसत नव्हती. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही खिशात घातली.

असं त्यांनी जूनपर्यंत केलं. एकेका शाळेत चार-चार वेळा, कधी घंटेच्या आधी, कधी शनिवारी, कधी पाऊस येईलसं वाटत असताना, कारण मास्तर लोक पळतात कधी ते पाहायचं असायचं. मुलींच्या संडासाची किल्ली दाराला लटकलेली आहे की प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये, हेही ते पाहत. मुरुमखारला ती ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवरला कुलूप होतं. कोसमडीहला छप्पर गळत होतं, प्रयोगशाळेच्या नावाने एक कपाट, पण गणिताच्या मॅडम जीव ओतून शिकवायच्या. हे सगळं एका पानाच्या तक्त्यात बसवून काका माझ्याकडे टाईप करायला घेऊन आले. हिंदीत, कारण वाचणाऱ्या बाया हिंदी वाचणाऱ्या.

"कोनती शाळा चांगली थे नाही लिहलं काका तुम्ही," मी म्हटलं.

"इन्स्पेक्टरनं रिपोर्ट द्यावा. ठरवाव गिऱ्हाइकानं. आपन कोन सांगनारे?"

मी तक्ता टाईप केला, प्रती काढल्या, काकांनी खाली सही ठोकली, आणि भुनेश्वरीच्या वस्तीतल्या आठवीची मुलं असलेल्या प्रत्येक घरी त्या वाटून आले. तेव्हापासून तिकडे त्यांना 'स्कूल वाले कका' म्हणू लागले. हे नाव ऐकलं की ते मिशीतल्या मिशीत हसायचे.

शाळा सुरू झाल्यावर कळलं की भुनेश्वरीने मुलीला तेंदूभाठ्याला घातलं. काकांना ते लागलं. "सरळ लिहून देलं होतं, तरी तिथंच टाकली," एवढंच म्हणाले. विचारा ना तिला, असं मी म्हटलं, तर नियम आडवा आला. गिऱ्हाइकाची मर्जी.

मग एक दिवस काका लालबुंद होऊन दुकानात आले. बाजारात तेंदूभाठ्याचे गणिताचे सर भेटले होते. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला, बळंच चहा पाजला आणि म्हणाले, की आपला तक्ता आम्ही स्टाफ रूममध्ये लावला आहे. "चेष्टा तो करनी ही पड़ती है सर, हमारा धर्म है."

"असा बेशरम मानूस मी जल्मात नाही पाह्यला," काका म्हणाले. "मी लिहलं का हा पोरींची चेष्टा करते, अन् हा मले चहा पाजून राहिला!"

"आजकाल लोकांले लाजच नाही राहिली काका," मी म्हटलं. आम्ही दोघं शहाणे समोरासमोर बसून कितीतरी वेळ माना हलवत होतो.

भाद्रपदातला तीजाचा सण आटोपून बाया माहेराहून परत आल्या, त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. मी सकाळी काकूंकडे बसले होते. भुनेश्वरी आली, टोपली नव्हती. व्हरांड्यातल्या काकांसमोर उभी राहून म्हणाली, "कका, तुमन तो लिखे रेहेव, कमजोर लइका मन बर अब्बड़ चेष्टा करथें कहिके. मोर नोनी तो स्कूल जाय बर छोड़ दिस. कहिथे, सर रोज मोर नकल उतारथे, सब झन हाँसथें. अब कोनो स्कूल नइ जावँव कहिथे." कमजोर मुलांसाठी पुष्कळ चेष्टा करतात असं तुम्हीच लिहिलं होतं, आणि सर रोज नक्कल करतात म्हणून पोरीने शाळाच सोडली, असं तिचं म्हणणं.

काका म्हणाले, "वही तो लिखा था मैंने! चेष्टा करते हैं!"

"हव," ती म्हणाली, "चेष्टा. मेहनत."

आतून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. तक्त्यातली ती ओळ मला डोळ्यांपुढे दिसली, कारण मीच ती टाईप केली होती: 'गणित — कमजोर बच्चों की बहुत चेष्टा.' आपल्या भाषेत चेष्टा म्हणजे टिंगल. त्यांच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. गणितात कच्ची मुलगी असलेल्या आईने ती ओळ वाचली आणि तिला वाटलं, माझ्या पोरीसाठी हीच शाळा. मी बारावीपर्यंत हिंदीत शिकले. शाळेत चेष्टेचा अर्थ प्रयत्न असा लिहून मार्कही घेतलेत. पण काकांचं अक्षर दिसलं की माझं डोकं घरच्या मराठीत शिरायचं, आणि त्या दिवशीही शिरलं. दोन मराठी माणसांनी मिळून हा घोळ घातला, आणि आमच्यापैकी एकाच्या जागी कुणीही हिंदीवालं असतं तर तो झाला नसता.

मी माझी चूक सांगायला लागले. काकांनी हाताने थांबवलं. "टाईप कोनी केलं थे नाही पाहत कोनी. सही कोनाची हाय? माही हाय."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता, तो तसाच राहिला. संध्याकाळी लाल पेन घेऊन निघाले आणि प्रत दिलेल्या प्रत्येक घरी जाऊन आपल्या हाताने तो शब्द खोडून वर 'हँसी उड़ाते हैं' असं लिहू लागले. पुढच्या दोन-तीन संध्याकाळी मीही बरोबर होते. प्रत्येक दारात ते चप्पल काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मेरे से गलत शब्द लिखा गया." एक म्हातारा हसला. म्हणाला, माझा नातू तिथेच आहे आणि छान शिकतो आहे. काका म्हणाले, "तो रहने दो. लेकिन जानकर रहने दो." मला अशा वेळी त्यांचा फार अभिमान वाटायचा आणि तेवढीच स्वतःची लाजही.

मग ते गणिताच्या सरांकडे गेले. शाळेच्या आवारात, बाकी कुणी नसताना, दोन्ही भाषांतले दोन्ही अर्थ त्यांना समजावून सांगितले. सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "तो आपने बुराई लिखी थी?"

"हाँ. आपको समझी नहीं, वो गलती मेरी. बाकी आपकी."

सर सुधारले की नाही, मला माहीत नाही. स्टाफ रूममधला तक्ता मात्र उतरला.

खरा प्रश्न होता खिलेश्वरीचा. ती घराबाहेरच येत नव्हती. भुनेश्वरी रडायची, ओरडायची, आणि शेवटी म्हणू लागली की राहू दे, माझ्याबरोबर भाजी विकेल. काका त्यांच्या अंगणात जाऊन बसले. 'शिक्षणाने आयुष्य घडतं' वगैरे काही बोलले नाहीत. बंद दाराकडे पाहून एवढंच म्हणाले, "बेटी, मैं फेल हो गया. मैंने देखा, पर लिखने में फेल हो गया. अब तू खुद देख. पसंद नहीं आया तो नहीं जाना, मैं तेरी माँ को समझा दूँगा."

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली. सरकारने नववीच्या मुलींना दिलेल्या सायकलवर ती, मागे स्कूटरवर काका, आणि माझ्या स्कूटीवर भुनेश्वरी. काका सायकलच्या वेगाने स्कूटर चालवत होते आणि दर पाच मिनिटांनी ती बंद पडत होती. असे आम्ही कोसमडीहला पोचलो. काकांनी आधीच बजावून ठेवलं होतं, की कुणी तिला काही दाखवायचं नाही.

खिलेश्वरीने छप्पर पाहिलं नाही, कपाटाकडेही पाहिलं नाही. नववीचा गणिताचा तास सुरू होता. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, अर्धी भिंतीआड. आत एक मुलगी फळ्यावर उदाहरण सोडवताना मध्येच चुकली आणि खडू धरून थांबली. मॅडम म्हणाल्या, "यहाँ तक एकदम सही है. इसके बाद क्या हुआ, चलो सब मिलके ढूँढ़ते हैं." मग एक मुलगा उठला, तोही चुकला. मॅडम म्हणाल्या, "अच्छा, अब गलती दो जगह हो गई, अब तो मिल ही जाएगी." वर्ग हसला, तो मुलगाही हसला. पण ते हसणं वेगळं होतं आणि हे खिडकीबाहेरच्या मुलीला आमच्या आधी कळलं. ती पूर्ण तास तिथे उभी राहिली. घंटा झाल्यावर आईकडे वळून म्हणाली, "इहाँ." इथे.

परत येताना कोसमडीहच्या वेशीवर काकांनी स्कूटर थांबवली आणि मला म्हणाले, "एवढे महिने मी नळ्या पाहत राहिलो व, किल्ल्या पाहत राहिलो. चुकल्यावर काय होते, हे पाहाव लागते. पोरीनं एका तासात पाह्यलं." नव्या तक्त्यात त्यांनी पहिलाच रकाना तो घातला, 'गलत जवाब पर क्या होता है'. त्यानंतर जेवढ्या शाळा पाहिल्या त्यांत तोच आधी भरला.

तेंदूभाठ्याहून टीसी मिळायला वेळ लागला. वर्षाच्या मध्ये देत नाही, म्हणाले. काका रोज अकराच्या ठोक्याला तिथे जायचे, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचे, एक वाजता डबा खायचे आणि शाळा सुटली की घरी यायचे. कुणाशी भांडले नाहीत, कुणाची चिठ्ठी आणली नाही. आठवडाभराने त्यांचा तिथल्या बाबूलाच कंटाळा आला. दाखला हातात पडल्यावर त्यांनी तो तीनदा वाचून पाहिला, नावात चूक नाही ना म्हणून.

खिलेश्वरी दहावीला गणितात राहिली. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट फारच गोड होईल. पूरक परीक्षेच्या दिवशी काका शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उन्हात उभे होते, आणि काठावर का होईना ती सुटली. अकरावीला तिने आर्ट्स घेतलं. "गणित नइ लेवँव कका," असं तिने ठणकावून सांगितलं तेव्हा काका मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मत ले. मैं भी नहीं लेता."

गेल्या उन्हाळ्यात काका आजारी पडले ते उठलेच नाहीत. ते जाण्याच्या चार दिवस आधी, दुपारी, मी काकूंनी दिलेला पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. हात थरथरत असल्यामुळे त्यांना पेन धरवत नव्हतं. कॉटशेजारी खिलेश्वरी बसली होती. त्या वर्षी मुरुमखारच्या पुढच्या दोन शाळा काकांऐवजी तीच पाहून आली होती, आणि दोघं मिळून तक्ता करत होती. तिने पाहिलेलं ऐकून काका ओळ तोंडी सांगत, ती लिहून वाचून दाखवत होती. मी दारातच थांबले.

"'देर से आने पर शिक्षा नहीं,'" तिने वाचलं आणि पेन थांबवलं. "कका, ए शिक्षा तुँहर वाला हे कि हमर वाला?" आपल्यात शिक्षा म्हणजे दंड, त्यांच्यात शिक्षा म्हणजे शिक्षण. उशीर झाला तर मुलांना शिकवतच नाहीत, असं वाचलं असतं लोकांनी. काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर भीती आली, ती मी पाहिली. मग ते हसायला लागले, एवढे की खोकला आला आणि नर्स धावत आली. मला दारातच रडू फुटलं.

"मेरा वाला," काका धाप टाकत म्हणाले. "मेरा वाला था, माय. तेरा वाला लिख."

खिलेश्वरीने शब्द खोडला, वर 'सजा' लिहिलं, आणि वहीतून मान वर न करता म्हणाली, "हाँ, आगे बोलो."

काका पुढचं सांगू लागले.